“मामा, मी ढ आहे का?” : घरातलं गणित आणि आपण

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. माइकसमोर जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. हेडफोन घरी विसरला असाल तर वाचून टाका.

---



आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण भाग बंद करणार, हे मला माहीत आहे. विषय आहे लहान मुलांचं गणित, आणि त्यात घरच्यांनी काय करायचं. तुम्ही म्हणाल, अरे बाबा, माझं अजून लग्न नाही, मला काय सांगतोस! थांबा जरा. तुम्ही कुणाचे तरी मामा आहात, काका आहात, आत्या, मावशी, दादा, ताई आहात. आणि घरात कुणी इंजिनिअर किंवा नुसता बारावी सायन्स झालेला असला की सुट्टीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “अरे, हिचं जरा गणित बघ ना.”

माझ्याकडे बीटेकची डिग्री आहे, रोज आठ-नऊ तास कोड लिहितो. तरी गेल्या दिवाळीत तिसरीतल्या पोरीला वजाबाकी शिकवताना मी सपशेल नापास झालो. आज ते सगळं सांगणार आहे, कारण त्यातून जे कळलं ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी काय झालं

आमचं घर तासगावला. मी पुण्यात नोकरीला, ताई आणि दाजी सांगलीत. दिवाळीला सगळे तासगावात जमतो. ताईची मुलगी, तिला आपण चिऊ म्हणू, तिसरीत, सेमी-इंग्लिशला आहे. दुपारची वेळ होती. ताई आतून म्हणाली, “हिला घटक चाचणीत गणितात वीसपैकी सात पडलेत. तू बघ जरा. मला तर गणित कधीच जमलं नाही, हीपण माझ्यावरच गेलीय.”

हे वाक्य लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

मी वही घेतली आणि पाच वजाबाक्या दिल्या. पहिली होती ५२ वजा ३८. चिऊनं लिहिलं २६. मी म्हटलं, नीट बघ. तिनं खोडलं, परत २६ लिहिलं. मी म्हटलं, “अगं, वरचे दोन आठपेक्षा लहान आहेत ना? मग शेजारून उसना घ्यायचा!” तिनं मान हलवली आणि पुढच्या गणितात परत तेच केलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझा आवाज चढला. “एवढं पण येत नाही? शाळेत करता काय?”

ती काही बोलली नाही, नुसती खोडत बसली. खोडून खोडून कागद फाटला. मग तिनं फाटलेल्या जागेवर हात ठेवला आणि खाली बघतच विचारलं, “मामा, मी ढ आहे का?”

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हा शब्द मला नवा नव्हता. आमचे आबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. लहानपणी माझं गणित तेच घ्यायचे आणि चुकलं की पहिला शब्द तोच यायचा. ढ. मी तेव्हा ठरवलं होतं की आपण मोठेपणी कुणाला असं करायचं नाही. आणि मी तेच करून बसलो होतो. शब्द माझ्या तोंडून आला नव्हता एवढंच, पण पोरीला तो बरोब्बर ऐकू आला होता.

आबा काय म्हणाले

रात्री जेवणं झाल्यावर आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दुपारचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. आमच्या घरात सॉरी वगैरे म्हणायची पद्धत नाही. आबा नुसते म्हणाले, “मीबी तुला असंच करायचो.”

मी गप्प राहिलो. मग तेच पुढं बोलले. “डेपोत हिशेब देताना पैसं कमी भरलं की खिशातनं घालायला लागायचं. गर्दीत एखाद्याला दहा रुपये जास्त परत गेले की गेले. चूक दिसली की डोकं तापायचं बघ. घरी आलो तरी तेच डोकं घेऊन यायचो.”

मंडळी, मी यावर खूप विचार केला. आबांसाठी गणितातली चूक म्हणजे खरंच पगारातून जाणारे पैसे होते. माझ्यासाठी चूक म्हणजे रात्री अकराला येणारा फोन, की प्रॉडक्शन पडलंय. आम्ही दोघंही चुकीला घाबरायला शिकलेली माणसं. पण चिऊच्या वहीतल्या चुकीनं कुणाचंच काही जात नाही! एक रुपया जात नाही, एक सर्व्हर पडत नाही. चूक करायला आख्ख्या जगात त्या वहीइतकी स्वस्त जागा नसेल, आणि आपण नेमके तिथंच ओरडतो.

तो बग होता

त्या रात्री मी वही परत उघडली. या वेळी मास्तरासारखी नाही, कोड रिव्ह्यूला बसतो तशी. पाचही उत्तरं एकाखाली एक लिहिली. ऐका, आणि जमलं तर तुम्हीही शोधा :

५२ वजा ३८, तिचं उत्तर २६.
७१ वजा ४६, तिचं उत्तर ३५.
६० वजा २४, तिचं उत्तर ४४.
८३ वजा ५७, तिचं उत्तर ३४.
आणि ६८ वजा २५, उत्तर ४३. हे बरोबर!

दिसलं? ती प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करते. कुठला वर, कुठला खाली, हे बघतच नाही. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, झाले २६. ६८ वजा २५ मध्ये वरचे दोन्ही आकडे मोठेच आहेत, म्हणून ते बरोबर आलं. म्हणजे पोरगी अंदाधुंद ठोकत नव्हती. तिच्या डोक्यात एक पक्का नियम होता आणि तो ती दर वेळी इमानदारीत पाळत होती. फक्त तो नियम चुकीचा होता.

आमच्या भाषेत याला बग म्हणतात. आणि गंमत म्हणजे संशोधकांनीही याला बगच म्हटलंय. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मुलांच्या बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीची रीत शिस्तीत चालवत असतं. त्यांनी ‘बग्गी’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळही केला होता. त्यात कॉम्प्युटर एखाद्या मुलासारखा चुकायचा आणि होऊ घातलेल्या शिक्षकांनी तो का चुकतोय ते शोधायचं. चिऊची चूक, मोठ्यातून लहान वजा करायची, ही या विषयातली अगदी ओळखीची चूक आहे. जगभरातली पोरं ती करतात.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उत्तर चुकलं की “चूक!” म्हणायच्या आधी एवढंच विचारा : “कसं केलंस, सांग बरं मला.” आणि हे उत्तर बरोबर आलं तरी विचारा. नाहीतर पोरं हुशार असतात, ‘कसं केलंस’ म्हणजे चुकलंच, हे त्यांना दोन दिवसांत कळतं. विचारल्यावर गप्प बसा. मध्ये बोलू नका. मला हे फार जड जातं, अजूनही जातं.

सुट्टे पैसे

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काढलीच नाही. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी चिऊच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्याकडं बावन्न रुपये आहेत. मी दुकानदार. अडतीस रुपयांचं चॉकलेट. दे पैसे.

तिनं तीन नोटा दिल्या. मग आठ रुपये द्यायचे, तर हातात नाणी दोनच. माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. मग तीच म्हणाली, “मामा, सुट्टे नाहीत. ही नोट मोडून दे.”

मी दहा नाणी दिली. तिनं आठ मोजून दिली आणि उरलेले मोजले. “चौदा राहिले.”

बघा, हातचा आणि उसना हे शब्द मी तिला आदल्या दिवशी दहा वेळा सांगितले होते. डोक्यात काही गेलं नव्हतं. पण सुट्टे नसले की नोट मोडायची, हे तिला माहीतच होतं! आपल्या बालभारतीच्या पुस्तकातही दशक आणि ‘सुटे’ असेच शब्द आहेत. तोच शब्द आहे तो, सुटे आणि सुट्टे. पण तिचं गणित सेमी-इंग्लिशमध्ये, तिथं टेन्स आणि वन्स. मध्ये पूल कुणी बांधलाच नव्हता.

मग मी ५२ वजा ३८ वहीत लिहिलं आणि म्हटलं, आता हेच इथं कर, नोट मोडताना कुठं लिहिशील? पाचाचे चार केले, दोनाचे बारा. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. जादू नाही झाली, तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

हा पूल बांधणं किती महत्त्वाचं आहे, यावर दोन अभ्यास सांगतो. पहिला ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला, १९८५ सालचा. रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच मुलांना तसलीच गणितं कागदावर, नुसते आकडे घालून दिली. बरोबर आली साधारण ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं होतं, एक नारळ ३५ ला तर दहा नारळ कितीला? त्यानं तीन नारळांचे १०५ धरले, मग २१०, मग ३१५, आणि वर एक नारळ, ३५०. शाळेत शिकवतात तसं ‘शून्य लावून टाक’ त्यानं केलंच नाही. पण उत्तर चोख.

यात मुलं पाचच होती, म्हणजे लहानसा अभ्यास. दुसरा मात्र मोठा आहे आणि आपल्याकडचाच आहे. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर. तिथंही तेच. बाजारातला हिशेब तोंडी फटाफट, पण शाळेसारखं मांडलं की अडतात. आणि याची उलटी बाजूही त्यांना दिसली. जी मुलं शाळेत पुस्तकातली गणितं करतात, ती बाजारासारख्या हिशेबात अडकतात.

म्हणजे ‘व्यवहारात आपोआप येतं’ हेही खरं नाही आणि ‘वहीत आलं की झालं’ हेही खरं नाही. दोन्ही एकमेकांना जोडून द्यावं लागतं. आणि ते जोडायला घरासारखी जागा नाही. शाळेत बाईंकडे अख्खा वर्ग असतो, आपल्याकडे एक चिऊ असते.

ताईचं वाक्य

आता ते सुरुवातीचं वाक्य. “मला तर गणित कधीच जमलं नाही, हीपण माझ्यावरच गेलीय.”

ताईची गोष्ट सांगतो, तिला विचारून सांगतोय. दहावीत ती गणितात काठावर पास झाली. घरात कुणीतरी म्हणालं, मुलीच्या जातीला काय करायचंय गणित, आर्ट्सला घाला. घातलं. आज तीच ताई बचत गटाचा सगळा हिशेब ठेवते. कर्ज, हप्ते, व्याज, सगळं. एक रुपया इकडचा तिकडं होत नाही. आणि तरी म्हणते, मला गणित येत नाही! मी म्हटलं, ताई, तू महिन्याला जे करतेस ते काय आहे मग? म्हणाली, “तो हिशेब झाला. गणित वेगळं.”

शिकागोतल्या संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. पहिली-दुसरीतली मुलं आणि त्यांचे आईवडील. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्या मुलांच्या मनातही धास्ती बसली. पण कधी? तर ते पालक मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत होते तेव्हा. मदत कमी करणाऱ्या घरांत हा परिणाम दिसला नाही. म्हणजे मदतीबरोबर भीतीही हातोहात जात होती.

मग काय, पालकांनी हात लावायचाच नाही? तसं नाही. त्याच वर्षी शिकागोच्याच संशोधकांचा दुसरा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. पहिलीतल्या मुलांच्या घरी एक ॲप दिलं. त्यात रात्री झोपताना वाचायची छोटीशी मजेदार गोष्ट आणि त्यावर एक-दोन गणिताचे प्रश्न. तुलनेसाठी काही घरांना नुसतं वाचनाचं ॲप दिलं. जी घरं गणिताचं ॲप आठवड्यातून एकदा जरी वापरत होती, तिथली मुलं पुढं गेली. आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला? ज्यांच्या आईवडिलांना गणिताची धास्ती होती त्यांना!

अमेरिकेतलं जसंच्या तसं आपल्याकडं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण मला त्यातून एक गोष्ट कळली. गृहपाठाच्या वहीवर आईनं इन्स्पेक्टर होऊन बसलं की भीती जाते. गप्पांमध्ये गणित आलं की गणित जातं.

म्हणून आमच्या घरात एक नियम झाला. “मला गणित येत नाही” हे वाक्य मुलांसमोर बंद. विनोदानंसुद्धा नाही. त्याऐवजी “थांब, मलाही आठवत नाही, दोघी मिळून बघू.” ताई आता गटाची वही लिहिताना चिऊला शेजारी बसवते आणि बेरीज तपासायला देते. एकदा चिऊनं आईची चूक पकडली. त्या दिवशी फोनवर पंधरा मिनिटं तेच ऐकत होतो मी.

सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

आता जरा आपल्या भाषेचं बोलू. तुम्हाला आठवत असेल, जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता. सत्तावीसऐवजी ‘वीस सात’ असं वाचायची पद्धत त्यात दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. मीम्स काय, विनोद काय, विचारू नका. मी पण तेव्हा दोन-चार फॉरवर्ड केले होते, कबूल करतो.

तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण अडचण खरी आहे. आपण म्हणतो सत्तेचाळीस, म्हणजे आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग सात. लहान मूल ऐकेल तसं लिहिलं की होतात ७४. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी. असं करत करत नव्याण्णवला आलं की तिथं एकोणशंभर नाही! आणि सेमी किंवा इंग्लिश मीडियमची पोरं शाळेत फॉर्टी-सेव्हन म्हणतात, घरी आजी सत्तेचाळीस म्हणते. एका लहान डोक्यात किती रस्ते!

त्यामुळे पोरानं ४७ चे ७४ लिहिले तर त्याला मठ्ठ म्हणू नका. घरी दोन्ही बोला : “चाळीस आणि सात, सत्तेचाळीस.” काही दिवस सोबत बोललं की जुळतं. सत्तेचाळीस सोडायचं नाही, त्याची फोड करून द्यायची.

आणि आपल्या भाषेकडं एक खजिनापण आहे बरं का. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. अपूर्णांकांना इतके सुटसुटीत, रोजच्या वापरातले शब्द! आबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्या पिढीनं हे पाढ्यांसारखं घोकलं होतं. मी म्हणत नाही की पोरांना ते घोकायला लावा. पण भाजी आणायला गेलात तर पाव किलो मिरची आणि अर्धा किलो वांगी मिळून पिशवीत किती, हे विचारा. पाऊण वाटीनं चार वेळा तांदूळ घेतला तर किती वाट्या? तीन. पावणेपाच वाजले, सव्वापाचला बस आहे, किती वेळ राहिला? शाळेत अपूर्णांक येतात तेव्हा मुलं दचकतात. ज्याच्या कानावर पाऊण आणि सव्वा रोज पडलेत, त्याला निदान ते परके वाटणार नाहीत.

आमची एसटी

आता सगळ्यात भारी गोष्ट. दिवाळीच्या चौथ्या दिवशी आबांनी स्वतःहून चिऊला हाक मारली. “ये गं, एसटी खेळू.”

सोप्यातल्या खुर्च्या ओळीनं लावल्या. तासगाव, कवठे एकंद, माधवनगर, सांगली, असे थांबे. भाडं चिऊनंच ठरवलं. कंडक्टर चिऊ, खांद्यावर आबांची जुनी पिशवी. प्रवासी आम्ही सगळे. “दोन फुल, एक हाफ, सांगली!” फुल अठरा, हाफ नऊ. अठरा, छत्तीस, पंचेचाळीस. आईनं शंभराची नोट दिली. चिऊ अडली.

आबांनी उत्तर सांगितलं नाही. म्हणाले, “वजा करू नको. चढत जा. पंचेचाळीसपासनं पन्नासला किती?” पाच. “पन्नासपासनं शंभरला?” पन्नास. “झालं. पंचावन्न दे आणि पुढच्या सीटवर जा, गाडी उशिरा चाललीय!”

मी थक्क झालो. ही रीत मला त्यांनी कधीच शिकवली नव्हती. मला वाटतं, त्यांना ती ‘गणित’ वाटतच नव्हती. ताईसारखंच. तो हिशेब झाला, गणित वेगळं! आयुष्यभर आबांनी हजारो वेळा जे बसमध्ये उभ्यानं केलं, ते घरी वही समोर आली की विसरायचे आणि माझ्यावर ओरडायचे.

शेवटी पिशवी मोजली, तर दोन रुपये कमी भरले. आम्ही सगळे आबांकडं बघायला लागलो. आबांनी खिशात हात घातला, दोन रुपये काढून पिशवीत टाकले आणि म्हणाले, “व्हतंय की. उद्या बरोबर भरशील.”

आई स्वयंपाकघरात गेली. डोळे पुसत होती की कांदा चिरत होती, मी विचारलं नाही.

मग करायचं काय?

चला, पटापट सांगतो. हे मी स्वतः करतोय तेवढंच सांगतोय.

एक, वेळ. दहा-पंधरा मिनिटं पुरे. तुमचं डोकं तापलं की थांबायचं, मुलाचं तापायची वाट बघू नका.

दोन, खेळ. सापशिडी काढा. २००८ मध्ये रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमणी यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवरचा खेळ खेळवला. पंधरा-पंधरा मिनिटांचे चारच डाव, आणि मुलांची संख्यांची समज सुधारली. पुढं शंभरपर्यंतच्या पटावर असंही दिसलं की सोंगटी कशी मोजता याला महत्त्व आहे. तेवीसवर आहात आणि चार पडले, तर “एक, दोन, तीन, चार” मोजू नका. “चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस” असं मोजा. फुकटचा बदल आहे, आजपासून करा.

तीन, अंदाज. उत्तर काढायच्या आधी विचारा, साधारण किती येईल? बावन्नातून अडतीस गेले, वीसपेक्षा जास्त उरतील की कमी? चिऊनं हे आधी केलं असतं तर २६ तिलाच खटकलं असतं.

चार, फोन. आता फोटो काढला की उत्तर आणि स्टेप्स दोन्ही देणारी ॲप आहेत, मीही वापरतो. पण मुलाआधी फोननं सोडवलं तर फोन शिकतो, मूल नाही. उलटं करा. आधी मुलानं करायचं, मग फोनशी ताडून बघायचं, आणि वेगळं आलं तर कोण चुकलं ते शोधायचं. पोरांना फोनची चूक पकडायला जाम आवडतं.

पाच, स्वतःच्या चुका दाखवा. मी चिऊला माझ्या कोडमधला एक बग दाखवला. एका ओळीत अधिक-उणे उलटं झालं होतं आणि मी दीड दिवस शोधत होतो. ती म्हणाली, “मामा, तुलापण ओरडतात का?” म्हटलं, कधी कधी. “मग?” मग काय, दुरुस्त करतो.

शेवटचं

चिऊ आता गणितात पहिली आली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालेलं नाही. पुढच्या चाचणीत वीसपैकी अकरा पडले. सातावरून अकरा. गुणाकारात नवीन गोंधळ सुरू झालाय, त्यातला बग मला अजून सापडलेला नाही. पण परवा तिनं मला वहीचा फोटो पाठवला आणि खाली व्हॉइस नोट : “मामा, हे चुकलंय. का चुकलंय ते शोध. मला कळलंय, मी सांगणार नाही.”

दिवाळीत जी पोरगी फाटक्या कागदावर हात ठेवून चूक लपवत होती, तिनं आपली चूक मला कोडं म्हणून पाठवली. वीसपैकी अकरामध्ये मला याचे मार्क जास्त वाटतात.

तर या रविवारी एकच करा. घरातल्या, शेजारच्या, कुठल्याही लहान पोराला एक गणित घाला, आणि उत्तर काहीही आलं तरी विचारा, “कसं केलंस?” मग एक मिनिट गप्प बसून ऐका. काय ऐकायला मिळालं ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा.

आणि ताई, तू ऐकत असशील तर गटाच्या वहीतलं ते मागच्या महिन्याचं व्याज परत एकदा तपास. चिऊ म्हणतेय, चुकलंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!